कानतुटक्या कपातली साखर

३ नोव्हेंबर

धाकट्या,

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र आधी पिठाच्या डब्यावर ठेवशील, भट्टीतले पाव बाहेर काढशील, हात धुशील आणि मगच ते फोडशील, असे मी गृहीत धरले आहे. तसेच कर. मला तुझ्याकडून केवळ एक तांत्रिक माहिती हवी आहे, आणि ती काडेचिराइताविषयी आहे.

हसू नकोस. इतक्या वर्षांनी थोरली लिहिते आणि तेही कडू काड्यांबद्दल, असे तू तुझ्या बायकोला सांगशील. खुशाल सांग.

मागच्या आठवड्यात मी बाजारातून एक जुडी आणली. घरी येऊन सुतळी सोडते तो काय! देठ हिरवेगार आणि चौकोनी. म्हणजे भुईनिंब. तोही कडू, तोही तापावर देतात, पण त्याचे कूळ निराळे. नुसत्या कडूपणाच्या जोरावर तो चिराइताच्या नावाने खपतो. मी जुडी परत घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "बाई, कडू आहे ना? मग झालं तर." मी त्याला तिथेच समजावून सांगितले की खऱ्या काडेचिराइताचा देठ तपकिरी असतो, त्यावर जांभळट झाक असते, बुंध्याकडे तो गोल असतो आणि उभा चिरला की आत पिवळसर मऊ भेंड दिसते. पाठीमागे गिऱ्हाइके खोळंबली होती. त्यांतला एक जण म्हणाला, "बाईंचा तास संपला की मला खोकल्याच्या गोळ्या द्या." नोकरीतून निवृत्त होऊन इतका काळ लोटला, तरी तास काही सुटत नाही.

शेवटी आपल्याच, बाबांच्या बंद पडलेल्या जडीबुटीच्या दुकानाची किल्ली काढली. खणांचे ते मोठे कपाट अजून तसेच आहे. तळाच्या डावीकडच्या खणात बाबांनी स्वतःच्या हाताने बांधलेली एक जुडी निघाली. जुनी होती, पण कोरडी, कीड न लागलेली. एक काडी मोडून जिभेला लावली. क्षणभर काहीच जाणवत नाही, हे तुला आठवत असेल. वाटते, चला, हिचा जोर ओसरला. आणि मग ते मागून येते, घशाच्या तळापासून. मी त्या रिकाम्या दुकानात मोठ्याने हसले. पोत्यांचा वास, काउंटरखालची तुझी लपायची जागा, खलबत्त्याचा ठोका आणि आईचे "अगं, दार लाव, धूळ येते" हे सगळे त्या एका काडीत होते.

मी वर्गात मुलांना सांगत असे की कडू चव ही मुळात वनस्पतीने ठेवलेली राखण आहे. चरणाऱ्या जनावराला ती सांगते, पुढे जा. जनावर शहाणे असते, ते पुढे जाते. माणूस मात्र थांबला, त्याने पाटी वाचली आणि त्याच पाटीचे पेय करून प्याला! पण त्यात त्याचा फायदाही झाला. जिभेवर कडू पडले की तोंडाला पाणी सुटते आणि पोटातले रस जागे होतात. म्हणून ते जेवणाआधी घ्यायचे. तापातून उठलेल्याची तोंडाची चव गेलेली असते, यकृत मंदावलेले असते, पोटात जंत असतात, अंगाला खाज सुटते, अशा कितीतरी तक्रारींवर पिढ्यानपिढ्या काडेचिराईत दिले गेले. त्यातले किती दावे तपासणीत टिकले आणि किती टिकायचे आहेत, हेही मी सांगू शकते. पण तू जांभई देशील. एवढेच सांगते की भूक उघडण्यासाठी त्याच्याइतका जुना भरवशाचा उपाय मला दुसरा माहीत नाही.

मला तो भुकेसाठीच हवा आहे. माझ्या नव्हे. बाबांच्या.

सप्टेंबरात त्यांना झटका आला. शरीराची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता बरे आहेत, म्हणजे डॉक्टरांनी जेवढे बरे होतील असे सांगितले होते तेवढे. तुला तेव्हा कळवले नाही, कारण "त्याला काही कळवायचं नाही" असे त्यांनी मला पूर्वीच बजावून ठेवले होते. आणि तो हुकूम मागे घ्यायला आता त्यांच्याजवळ शब्द नाहीत. एकच शब्द उरला आहे. तो शब्द म्हणजे "साखर".

त्यांना गिळता येते, पण ते खात नाहीत. सुपाचा चमचा ओठांशी नेला की मान फिरवतात आणि म्हणतात, साखर. नर्सबाई बिचाऱ्या गोड घेऊन धावतात. आपल्या घरात साखर कशाला म्हणत, हे त्यांना कुठून माहीत असणार? ते या जगात आता बाबांखेरीज तुला आणि मलाच माहीत आहे. हवा बदलली की सकाळी मागच्या खोलीत काडेचिराइताचा तो कानतुटका कप भरला जायचा. नावाने हाक मारली की तू पोत्यांमागे दडी मारायचास, म्हणून बाबा तोंडाशी हात धरून "साखर!" असे ओरडायचे, आणि तू धावत येऊन आपल्या बुटक्या स्टुलावर बसायचास. पुढे सगळे घरच तो शब्द वापरू लागले. "साखर घेतलीस का?" "साखर संपत आली." आत्या आली होती तेव्हाचे आठवते ना? तिने चहात दोन चमचे साखर मागितली आणि तू आज्ञाधारकपणे दुसऱ्या बरणीतले चूर्ण घालून आणलेस. "मेल्या, जीव घेतोस का माझा!" आणि बाबा शांतपणे म्हणाले, "आता वर्षभर ताप येणार नाही तुला."

तर माझा प्रश्न असा. तुझ्या हातचा शेवटचा कप बघून बाबा म्हणाले होते, "हा बरोबर उतरलाय." माझ्या कपाला ते तसे कधीच म्हणाले नाहीत. तो तू कसा केला होतास? पाणी किती, उकळलेस किती वेळ, गाळलेस कशातून? सविस्तर कळव.

डॉक्टरांना विचारूनच देणार आहे, काळजी नसावी.

तुझी थोरली


१६ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझे पोस्टकार्ड मिळाले. "उकळलं नव्हतं. गरम पाणी ओतून झाकून ठेवलं. थंड झाल्यावर गाळलं. बाकी ठीक." एवढा मजकूर लिहिण्यासाठी तू पोस्टकार्डाची एक अख्खी बाजू कोरी सोडलीस. पण त्या कार्डाला लोण्याचा वास येत होता, म्हणून माफ.

आणि काय आश्चर्य, तुझी पद्धत शास्त्राला धरून निघाली! याला फांट म्हणतात. काढा वेगळा, तो आटवायचा असतो. फांटात वनस्पती कुटून गरम पाण्यात भिजवायची, झाकायची आणि गाळायची, चहासारखी. काडेचिराईत नाजूक असते, त्याला रटरट शिजवायची गरज नसते. मी इतकी वर्षे ते आटवत होते. म्हणून माझ्या कपाचा रंग चिखलासारखा यायचा आणि तुझा कोवळ्या उन्हासारखा.

डॉक्टरांनी दोन-चार चमच्यांना हरकत घेतली नाही. "साखर खाली आणतं म्हणतात हे, म्हणून रक्त तपासत राहू," असे ते म्हणाले. त्यावर मला हसू आले आणि त्यांना ते का आले हे सांगता आले नाही.

नर्सबाईंना मात्र सांगावेच लागले. त्यांनी सकाळीच बाबांच्या जिभेवर चमचाभर साखर ठेवली होती आणि बाबांनी ती चादरीवर थुंकली होती.

"अहो बाई, तुमच्या घरी साखरेला म्हणतात तरी काय?"

"साखरच."

"आणि या कडूजहर पाण्याला?"

"तेही साखरच."

"मग आजोबांचं काही चुकत नाहीये. तुमच्या घराचंच डोकं ठिकाणावर नाही."

मी तुझ्या पद्धतीने फांट केला. तो कानतुटका पांढरा कप शोधून काढला. रंग अगदी तसाच उतरला. मी बाबांपुढे कप धरला आणि त्यांनी तो पाहिला, धाकट्या! कितीतरी दिवसांनी त्यांनी एखादी वस्तू खरोखर पाहिली. डावा हात वर आला. मला वाटले, जिंकलो. त्यांनी कप बोटांनी धरला आणि दूर ढकलला. "साखर."

दुसऱ्या दिवशी फांट अधिक सौम्य केला. ढकलला. काड्या थंड पाण्यातच भिजवून पाहिल्या. तोही ढकलला. नुसत्या मुळांचा केला, कारण मुळे अधिक कडू असतात असा एक समज आहे. ढकलला, आणि या वेळी माझ्या पदरावर सांडला. दर वेळी तोच शब्द. दर वेळी तो अधिक चिडून म्हटलेला, जणू वर्गातला मठ्ठ मुलगा मीच आहे.

झटक्याने त्यांचे तोंड एका बाजूला ओढले गेले आहे. "वाकडं तोंड, मागणं रद्द." हा नियम त्यांनीच केला होता ना? कप तोंड वाकडे न करता संपवला तर बाबांकडे काहीही एक मागायचे, आणि ते त्यांनी द्यायचे. मी रंगाच्या पेट्या मागितल्या, तू एकदा चक्क शाळेला सुट्टी मागितलीस आणि मिळवलीस. त्या नियमाने आता त्यांची स्वतःची सगळी मागणी कायमची रद्द झाली आहेत. हा विनोद मी मनात केला, मग मला तो सहन झाला नाही, आणि मी गाळणे घासायला गेले.

डॉक्टर म्हणतात, महिनाअखेरपर्यंत खाऊ लागले नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. ते नेमके बोलतात, घाबरवत नाहीत. मीही तुला घाबरवत नाही. तुझा हंगाम जोरात असेल. मी फक्त कळवते.

तुला आणखी काही आठवले तर लिही. भांडे कोणते होते? पाणी विहिरीचे होते की नळाचे?

तुझी थोरली


२७ नोव्हेंबर

धाकट्या,

हे पत्र मिळताच भट्टी दुसऱ्या कोणाच्या ताब्यात दे. का, ते क्रमाने सांगते. मला क्रमानेच सांगता येते.

पहिली गोष्ट. तुझे ते बुटके स्टूल मी बाबांच्या खोलीत नेले होते, पाय ठेवायला. ते खिडकीपाशी होते. परवा नर्सबाईंनी झाडताना ते पलंगाच्या पलीकडे, दाराजवळ सरकवले. मी कप पुढे केला आणि बाबांनी तो ढकलला, पण नेहमीसारखा खिडकीकडे नव्हे. दाराकडे. मी तिथेच थबकले. स्टूल पुन्हा खिडकीशी नेले आणि कप पुढे केला. खिडकीकडे. पायथ्याशी ठेवले. पायथ्याकडे. स्टूल खोलीबाहेर काढले, तर त्यांनी कप हातात धरून ठेवला आणि खोलीभर नजर फिरवली.

नर्सबाई म्हणाल्या, "अहो, त्या म्हाताऱ्या माणसाला काय फिरवताय गरगर?"

मी म्हटले, "थांबा हो, मी काहीतरी शिकतेय."

ते कप नाकारत नव्हते. ते कप देत होते. त्या स्टुलावर बसणाऱ्याला.

दुसरी गोष्ट. सकाळी गल्लीत पाववाला सायकलची घंटी वाजवतो. घंटी वाजली की बाबांची हाक सर्वांत मोठी येते. मी ती कधीपासून ऐकत होते, पण वेळ सकाळची, म्हणून कपाचीच आठवण असणार, असा अर्थ लावत होते. पावाचा वास मी जमेसच धरला नाही. बेकरीवाल्याची बहीण असून!

तिसरी गोष्ट आईची. तू "साखर!" ऐकून धावत यायचास आणि दर वेळी तोच कप समोर यायचा. मी एकदा आईला म्हटले, "हा किती बावळट आहे, रोज फसतो." आई शेंगा सोलत होती. ती वर न बघता म्हणाली, "फसत नाही गं तो. बाबा बोलावतात म्हणून येतो."

मी आयुष्यभर तो शब्द नाम समजत आले, धाकट्या. एका वनस्पतीचे घरगुती नाव. मी त्याचे कूळ शोधले, पाणी मोजले, गाळणी बदलली. ते नाम नव्हतेच. ते संबोधन होते. बाबा औषध मागत नव्हते. हाक मारत होते.

आता चौथी गोष्ट, जिचा उल्लेख मी दोन्ही पत्रांत काठाकाठाने केला. तो शेवटचा कप. काडेचिराइताची जुडी तू आपण होऊन सोडलीस, आपण होऊन फांट केलास, त्या बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसलास, तिशी उलटलेला घोडा, आणि एका दमात प्यालास. तुझ्या चेहऱ्यावरची एक रेघसुद्धा हलली नाही. मग म्हणालास, "बाबा, मागणं. बेकरी उघडतोय. पहिला पाव तुमच्या हातून विकला जाऊ दे."

त्यांनी कपाच्या तळाशी बघून म्हटले, "हा बरोबर उतरलाय." आणि मग म्हणाले, "मागणं लहान मुलांचं असतं. सारं आयुष्य मी माणसं बरी केली. तू ती साखर विकून आजारी पाडणार."

तू कप धुवून पालथा घातलास आणि गेलास. तेवढेच घडले. कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणूनच ते मिटले नाही, असे मला वाटते. ओरडून झालेली भांडणे ओरडूनच संपतात.

त्या दिवशी नियम तू मोडला नव्हतास. तो मोडला होता नियम करणाऱ्याने. आणि आता त्याच्याजवळ एकच शब्द आहे आणि एकच हात आहे, आणि त्या दोहोंनी तो सकाळ-संध्याकाळ तोच कप पुन्हा तुझ्यापुढे सरकवतो आहे. मला तरी याचा दुसरा अर्थ लागत नाही. तुला लागला तर मला पटवून दे, पण इथे येऊन.

डॉक्टरांकडून मी आणखी चार दिवस मागून घेतले आहेत. त्यांनी ते दिले. तोंड वाकडे न करता मागितले म्हणून असेल.

ये. हा प्रश्न तांत्रिक नाही.

ताई


१५ डिसेंबर

धाकट्या,

तू पोचल्याचा निरोप मिळाला. तुझा ॲप्रन इथेच राहिला आहे. तो मी धुतलेला नाही; नर्सबाईंना वाटते मी विसरले.

आधी अहवाल देते. बाबा आता सकाळी जेवणाआधी दोन चमचे फांट घेतात आणि मग तुझ्या डब्यातले पाव दुधात भिजवून खातात. तुझे पाव! पाववाल्याचा पाव दिला तर बोटाने बाजूला सारतात. सूपही चालते. वजनाचा काटा जरासा सरकला आहे. नळीचा विषय डॉक्टरांनी आपण होऊन सोडून दिला. ते मला म्हणाले, "तुमच्या काडेचिराइताने कमाल केली. भूक उघडली बघा." मी त्यांना सांगितले की असा निष्कर्ष काढता येत नाही. कडू पाणी आणि मुलगा या दोन्ही गोष्टी रुग्णाला एकाच दिवशी मिळाल्या. गुण कोणाचा, हे ठरवायचे तर एकेक गोष्ट काढून पाहावी लागेल. ते म्हणाले, "मग काढून बघणार का?" मी म्हटले, "नाही. काही प्रयोग करायचे नसतात." चाळीस वर्षे शिकवले, त्यात हे वाक्य कधी माझ्या तोंडून गेले नव्हते.

दुकानाचे कपाट मी पुसून काढते आहे. एकेक खण उघडते, हुंगते आणि बसून राहते. ज्येष्ठमधाच्या खणात तुझी गोटी सापडली. कपाट कोणाला द्यावे याचा विचार चालला आहे. तुझ्या बेकरीत मागच्या भिंतीला ते बसेल का, मोज. पीठ ठेवायला नव्हे. नुसतेच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू त्या सकाळी स्टुलावर बसलास तेव्हा मी दारात उभी होते. बाबांनी कप सरकवला. तू तो घेतलास, आणि मला वाटले, आताही तू तसाच पिशील, दगडासारखा. पण तुझी जीभ आता कडूची राहिलेली नाही. पहिल्याच घोटाला तुझे नाक वर गेले, डोळे गच्च मिटले, तोंड पार कानापर्यंत वाकडे झाले आणि तू "आई गं!" म्हणालास. नर्सबाई फिदीफिदी हसल्या. मला वाटले, संपले. वाकडं तोंड, मागणं रद्द.

त्यानंतर बाबा जे बोलले ते तू ऐकलेस. जड जिभेने, पण स्पष्ट. झटक्यानंतरचा त्यांचा दुसरा शब्द. "माग."

मी तिथून लगेच स्वयंपाकघरात गेले आणि ताट मुद्दाम खाली पाडले. त्यामुळे तू काय मागितलेस हे मला ठाऊक नाही, आणि मी ते विचारणारही नाही. ते नियमात नाही.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, कारण तुझे डोळे मिटलेले होते. बाबांच्या चेहऱ्याची एक बाजू झटक्याने वाकडी केली आहे. दुसरी अजून त्यांचे ऐकते, आणि तिला ते जिवापाड सरळ ठेवतात. डॉक्टरांसमोर, नर्सबाईंसमोर, माझ्यासमोर. तू तो घोट घेऊन तोंड वेडेवाकडे केलेस ना, तेव्हा ते तुझ्याकडे एकटक बघत होते. आणि हळूहळू, अगदी तुझ्यासारखे नाक वर चढवून, ती सरळ राहिलेली बाजूही त्यांनी आपण होऊन वाकडी केली.

तुझी थोरली